विमान गिळलेला माणूस

ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. माझ्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल तर तो इथेच हसला असेल — कारण मी न सांगितलेली एखादी गोष्ट जबलपुरात शिल्लक आहे, यावर मदन महलपासून सदरपर्यंत एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. मी बोलणारा माणूस आहे. दूधवाल्याला सांगतो, दाढी करणाऱ्याला सांगतो, ऑटोत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची उतरायची जागा मागे गेली तरी त्याला सोडत नाही. पण ही — ही नाही सांगितली. बारा वर्षं झाली.

आधी प्रवासाचं सांगू द्या. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, असं मी म्हणतो आहे. खरं म्हणजे ते सांगायला मला फार आवडतं, हे त्याचं दुसरं कारण.

जबलपूर ते गणपतीपुळे, आपल्या गाडीनं. स्टिअरिंगवर मी, शेजारी माझा मुलगा मिलिंद, मागे बायको सुमन, सून रचना आणि पाच वर्षांची नात मिनू. जाताना चार दिवस, येताना चार दिवस. आमच्या नातेवाइकांत त्याला नुसतं ‘तो प्रवास’ म्हणतात, दुसऱ्या कुठल्या प्रवासाशी गल्लत होण्याचा प्रश्नच नाही. त्याची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल? लग्नात सांगितली, मुंजीत सांगितली, एकदा तेराव्याला सांगितली आणि लोक हसले म्हणून यजमानांनी माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं. सात पंक्चर झाली, सिवनीच्या पुढं जंगलात वाघ गाडीला आडवा बसला आणि मी खिडकीची काच खाली करून त्याला ‘भैया, जरा बाजू’ म्हटलं, आंबा घाटात ब्रेक गेले आणि मी गाडी नुसत्या गिअरवर आणि गणपतीच्या नावावर खाली उतरवली.

आज खरं लिहायला बसलो आहे, म्हणून या किरकोळ थापा आधी मोडून टाकतो. पंक्चर दोन झाली. वाघ नव्हता, रानडुक्कर होतं, आणि ते बसलं नव्हतं, पळालं. ब्रेक ठणठणीत होते. मी फक्त ओरडलो होतो. बस? आता मन मोकळं झालं का? नाही ना. माझंही नाही झालं.

मी सरकारी खात्यात ओव्हरसियर होतो. उभी नोकरी जीपमध्ये गेली — कालवे, पूल, कच्चे रस्ते. निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशातून पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुनी डिझेल गाडी घेतली. मग दोन वर्षं घरी बसून एकच काम केलं : एक वही भरली. कोणत्या ढाब्यावर डाळ ताजी, कुठल्या पंपावर डिझेलमध्ये पाणी नाही, पंक्चर काढणारा कोणत्या पिंपळाखाली बसतो, घाटात रेडिएटरला पाणी कुठे मिळेल. अमरावतीला बहिणीकडे मुक्काम, संभाजीनगरला साडूकडे, कऱ्हाडला चुलतभावाच्या जावयाकडे. प्रत्येक घरी द्यायला जबलपूरची खव्याची जिलेबी, तीही किती, ते लिहिलेलं. सदरच्या बाजारातून फौजी लोकांचा पाण्याचा कॅन आणून ठेवला होता. अशी आखणी राजेहो, लढाईचीसुद्धा कोणी करत नसेल. आजही ती वही काढली की माझी छाती भरून येते. त्याबद्दल मला काडीची लाज नाही.

आणि अशा वेळी मिलिंद घरी येऊन म्हणाला, “बाबा, विमानानं जाऊ. डुमना ते मुंबई, दोन तासही नाही. पुढं टॅक्सी.”

डुमना म्हणजे आमचा विमानतळ. मी म्हटलं, “काहून? गाडीला काय झालं?”

“गाडीला काही नाही झालं. मला बारा दिवसांची रजा आहे. आठ दिवस रस्त्यात आणि चार दिवस समुद्रावर? हे तर उलटंच होऊन राहिलं!”

रचना जबलपूरचीच, पण हिंदी घरातली. ती म्हणाली, “पापाजी, मिनू को गाड़ी में उल्टी होती है.” मिनूला विचारलं तर ती म्हणाली, ज्यात चिप्स मिळतील त्यात.

सुमननं नुसतं मिलिंदकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “खिडकीची जागा मागता येते का रे?”

इथे मला थांबावं लागतं. कारण सुमनचं काय ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. दुपारचं विमान आमच्या गच्चीवरून जायचं. ती वर पापड वाळत घालत असायची, आणि आवाज आला की हातातलं काम टाकून, पदर कपाळावर धरून, ते दिसेनासं होईपर्यंत बघायची. माझ्या खात्याच्या गोष्टी तिनं कधी पुरत्या ऐकल्या नाहीत — ‘पुरे झाल्या थापा’ म्हणून उठायची — पण विमान मात्र पूर्ण बघायची. बत्तीस वर्षं माझ्या संसारात तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. खिडकीची जागा ही पहिली मागणी.

मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. तरी माझ्या डोक्यात काय होतं, सांगू? विमानात घडणार काय! बसा, पट्टा लावा, चहा प्या, उतरा. त्यात पंक्चर नाही, वाघ नाही, साडू नाही. परत येऊन मी लोकांना सांगणार काय? माझी वही, माझी गाडी, माझी गोष्ट — हे सगळं दोन तासांत मारून टाकायला निघाले होते ही माणसं. आणि मत घेतलं असतं तर मी एकटा पडलो असतो. तीन विरुद्ध एक, आणि चिप्स.

म्हणून मी म्हटलं, “देवापुढे चिठ्ठ्या टाकू.”

आमच्या घरची ही जुनी रीत. देव्हाऱ्यात पितळेचा गणपती आहे, खापरपणजोबांनी विदर्भातून आणलेला. (वडील सांगायचे घोड्यावरून, मी तो हत्तीवर चढवला आहे.) घरात दोन मतं झाली की कागदाच्या दोन चिठ्ठ्या लिहायच्या, ताम्हणात ठेवायच्या, वर अक्षता, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलानं डोळे मिटून एक उचलायची. लिहायचा मान सर्वांत मोठ्याचा. न निघालेली चिठ्ठी उघडायची नाही, ती निर्माल्याबरोबर ग्वारीघाटाला नर्मदेत जाते. मिलिंदनं विज्ञान घ्यावं की कॉमर्स, हे असंच ठरलं. रचनाचं स्थळही — तिच्या माहेरी हे अजून सांगितलेलं नाही. आणि एकदा निघालं की त्यावर पुन्हा बोलणं नाही. कौल म्हणजे कौल.

मी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं. दोन तुकडे केले. पाठमोरा बसून लिहिलं. चार चार घड्या घातल्या. ताम्हणात ठेवल्या.

आता मला वाटतं तुम्हाला कळलं असेल. पण जरा थांबा, पुढे त्याहून वाईट आहे.

मिनूनं डोळे मिटले, हात पुढे केला, तोच सुमन म्हणाली, “थांब गं बाई.” ती देवासमोर बसली. तिनं हात जोडले आणि मोठ्यानं बोलली — ती देवाशी कधी मोठ्यानं बोलत नसे. “गणराया, एकदाच विचारून राहिली मी. माझ्या नशिबात आभाळात जाणं असंल तर विमान दे. नसंल तर तेही सांग. पुन्हा कधी तोंडातून नाव काढणार नाही.”

मी विचारलं होतं यंदा गाडी की विमान. तिनं विचारलं आयुष्याचं. ताम्हण माझ्या हातात होतं. मला खोकला आणता आला असता. ताम्हण पालथं करता आलं असतं — असल्या युक्त्या मला शंभर येतात. मी ताम्हण मिनूपुढे धरलं.

गाडी निघाली.

सुमननं चिठ्ठी कपाळाला लावली, देवापुढे ठेवली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. रचना मात्र हट्टी. “दूसरी भी देखें ना, पापाजी!” म्हणत तिनं हात घातला. मी झडप घातली, ती चिठ्ठी उचलली, पेढ्याबरोबर तोंडात टाकली आणि गिळली. “देवाच्या प्रसादाला कोणी हात लावायचा नाही!” सगळे पोट धरून हसले. मिलिंद म्हणाला, “अरे, बाबांनी विमान गिळलं!”

तेव्हापासून हीच माझी सर्वांत गाजलेली गोष्ट. विमान गिळलेला माणूस! राइट टाउनमध्ये मिलिंदच्या ऑफिसातली मुलंसुद्धा मला बघून विचारायची, “काका, पचलं का?” मी पोटावर हात फिरवून म्हणायचो, पंख अजून टोचतात.

मी गिळलं ते विमान नव्हतं. त्या चिठ्ठीवरही गाडीच लिहिलं होतं. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी गाडी लिहिलं होतं.

झालं. लिहून झालं.

आता प्रवास कसा झाला ते विचाराल. राजेहो, खोटं बोलायची गरजच पडू नये असा झाला. नागपूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून संत्री खाल्ली, सालांचा ढीग मिनूच्या गुडघ्याला लागला. अमरावतीला बहिणीनं मध्यरात्र करून गप्पा मारल्या. मिनूला एकदाही उलटी झाली नाही. आणि चौथ्या दिवशी गणपतीपुळ्याला, देवळामागच्या वाळूत, सुमन साडी घोट्यापर्यंत उचलून उभी राहिली. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला. पायांवर आलेली लाट परत जाईपर्यंत ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, “अहो, विमानानं आलो असतो तर संत्र्यांपासून समुद्रापर्यंतचं हे सगळं दिसलंच नसतं. देवानं बरोबर केलं.”

तेव्हा मला काय वाटलं? लाज वाटली, असं लिहायला हवं. मला अभिमान वाटला. माझी छाती त्या समुद्राएवढी झाली. वही माझी, गाडी माझी, बायकोचं असं तोंड फुललेलं मी पाहिलेलं नव्हतं, आणि ते मी केलं होतं. आजही त्या दिवसाचा मला अभिमान आहे. दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात, काय करू?

पण ‘देवानं बरोबर केलं’ हे तिनं तिथंच सोडलं नाही. परत आल्यावर दुपारचं विमान गेलं की ती वर बघेना. आवाज आला तरी पापड पसरत राहायची. मी एकदा म्हटलं, “बघत नाहीस काहून?” ती म्हणाली, “विचारून झालं ना.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. सुमननं दिलेला शब्द म्हणजे — माझ्या शंभर शब्दांना तिचा एक भारी. याही गोष्टीचा मला अभिमानच आहे. अशी बायको अख्ख्या जबलपुरात दुसरी नाही, ही थाप नाही.

चार वर्षांनी मिलिंदला मस्कतला नोकरी लागली. वर्षभरात रचनाला पुन्हा दिवस गेले, आणि या खेपेला डॉक्टरनं तिला पलंगावरून उतरायची मनाई केली. तिची आई आधीच गेलेली. मिलिंद दिवसभर कामावर, मिनू दहा वर्षांची. रचना फोनवर रडली. “मम्मीजी, बस दो महीने. आप आ जाओ ना.”

सुमननं काय केलं असेल? तिनं मिलिंदला विचारलं, “बोट येत नाही का रे तिथं? पाण्यावरून जायला देवानं नाही म्हटलं नाही.” मिलिंद हसला, मग तिला समजावू लागला, मग चिडला. “आई, एका कागदाच्या चिठ्ठीसाठी?” ती म्हणाली, “चिठ्ठीसाठी नाही. मी शब्द दिला.” फोन ठेवून ती कणीक भिजवायला बसली आणि त्या परातीत डोळे गाळत राहिली. मी दारात उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. मी, ज्याच्या तोंडात वाक्यं मावत नाहीत — माझ्या तोंडातून ते एक वाक्य निघालं नाही.

उलट मी काय केलं, तेही ऐका. मी म्हटलं, “पुन्हा चिठ्ठ्या टाकू.” या वेळी दोन्हींवर विमान लिहिणार होतो. पहिली लबाडी दुसऱ्या लबाडीनं पुसायला निघालो होतो, अगदी तोच देव, तेच ताम्हण. सुमन म्हणाली, “एकदाच विचारते म्हणून सांगितलं होतं. आता पुन्हा विचारलं तर मी त्याला खोटं पाडलं असं होईल.”

तिच्या देवाला खोटं पाडणारा तिच्यासमोर उभा होता.

शेवटी मी गेलो. एकटा. ज्याला चहा करता येत नव्हता तो सासरा सुनेच्या बाळंतपणाला विमानानं निघाला. सुमननं डिंकाचे लाडू बांधून दिले, डुमन्याला पोचवायला आली आणि काचेच्या बाहेर उभी राहून हात हलवत राहिली. मला जागा खिडकीची मिळाली.

मस्कतला दोन महिने मी स्वयंपाक केला. सुमन फोनमध्ये बसून शिकवायची — “अहो, मीठ घालून राहिले का रांगोळी?” — आणि मी हात भाजत, पोळ्यांचे नकाशे करत शिकलो. शेवटी शेवटी माझी खिचडी अशी व्हायची की शेजारच्या फ्लॅटमधला मल्याळी माणूस वाटी घेऊन यायचा. हे अगदी खरं आहे. रचना सुखरूप बाळंत झाली, नातू झाला. त्याला आंघोळ कशी घालायची तेही सुमननंच फोनवरून सांगितलं, आणि ते सुटीला जबलपूरला आले, तिनं त्याला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा तो चालत होता. दीड वर्षाचा. अनोळखी बाई म्हणून तो रडला आणि रचनाच्या मागे लपला.

पण मला सांगायचं आहे ते मी परत आलो त्या दिवसाचं. सगळ्यांत शेवटचं तेच आहे, आणि चिठ्ठ्यांपेक्षा मला तेच जास्त जड जातं.

चहा झाला. सुमन माझ्यासमोर पाटावर बसली, हनुवटीखाली हात घेऊन. बत्तीस अधिक पाच वर्षांत ती माझी गोष्ट ऐकायला अशी कधी बसली नव्हती. शब्द दिलेला, म्हणून तिनं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, “कसं असतं हो... वर?”

रानडुकराचा वाघ करणारा माणूस मी. सांगायला बसलो असतो तर तिला त्या पाटावरून उचलून ढगात नेलं असतं. आणि या वेळी वाढवायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, “काही नाही गं. बसमध्ये बसल्यासारखं. खिडकीतून नुसता धूर दिसतो.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “म्हणजे माझं काही राहिलं नाही.” आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी तसं म्हटलं, असं वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं. मी जे पाहिलं ते सांगू लागलो असतो तर माझं तोंड थांबलं नसतं, आणि पुढे चिठ्ठ्यांपर्यंत गेलं असतं. मी स्वतःला वाचवलं. आयुष्यभर मी सगळं मोठं करून सांगत आलो. सर्वांत मोठं खोटं बोललो ते लहान करून.

सुमन आता सत्तरीला आली आहे. गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. मी हे लिहितो आहे तेव्हा ती आत मेथी निवडते आहे. तिला अजून माहीत नाही.

विमान उडालं तेव्हा डावीकडे वळलं, आणि खिडकीत अख्खी नर्मदा आली. मी जन्मभर तिच्या काठावर राहिलो, तिच्या कालव्यांवर नोकरी केली, पण ती अशी आहे हे मला ठाऊकच नव्हतं — एक लांब, वळणावळणाची, उन्हात पेटलेली रेघ. तिच्या टोकाला बरगी धरणाचं पाणी, निळं, मांडीवर मावेल एवढं. मग ढग खाली गेले, आणि त्यांच्यावर आमच्या विमानाची छोटी सावली पळत होती, तिच्याभोवती रंगीत गोल कडं. मी काचेला नाक लावून लहान मुलासारखा बघत राहिलो, मुंबई येईपर्यंत. हे सगळं मी पाहिलं. तिला मी धूर सांगितला.